सांधलेलं जोडवं

आमच्याकडे एकदा माझं जोडवं हरवलं होतं, तेव्हा चिकू उतरवायला आलेली सगळी माणसं टोपल्या खाली ठेवून ते शोधायला लागली होती. घोलवडच्या आमच्या वाडीत, झाडाखालचा पाचोळा हाताने चाळत. माझे यजमान स्वतः गुडघ्यांवर बसलेले. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद, दोन घरं सोडून राहते आणि दिवसातून चारदा येते. ती फाटकात उभी राहून नवस बोलत होती. जोडवं सापडलं. पुन्हा गळायला नको म्हणून नणंदेने ते डहाणूच्या सोनाराकडे नेलं आणि त्याची उघडी तोंडं डाग देऊन सांधून आणली. मग साबण लावून, बोट पिरगाळून, ते माझ्या पायात चढवलं.

पुढच्या वर्षी मला छातीत गाठ लागली. ती बघायला कुणी गुडघ्यांवर बसलं नाही. "एवढा चिकूचा बार उतरू दे, मग दाखवू," असं ठरलं. बार उतरला. मग नणंदेच्या नातीचं बारसं आलं. मी डॉक्टरकडे पोचले तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती.

डावा स्तन काढला. केस गेले, परत आले. दोन वर्षांनी आजार हाडात दिसला आणि मला गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, या गोळ्यांनी तळहात-तळपायांची कातडी चिरते, जंतूंशी लढायची ताकदही कमी होते. कुठे लाल झालं, पू दिसला, ताप आला तर त्याच दिवशी फोन करायचा. "अंगावर काढलंत तर गोळ्या थांबवाव्या लागतील," त्या म्हणाल्या, "आणि सध्या आजाराला धरून ठेवलंय ते या गोळ्यांनीच." मी मान डोलावली. आमच्याकडच्या बायकांना मान डोलावणं फार छान जमतं.

भेटायला येणाऱ्यांबद्दल काय सांगू? एकीने माझ्या तळहातांकडे बघून पदर आवरून घेतला, जणू माझी कातडी उडून तिच्या मांडीवर पडणार होती. दुसरीने गोमूत्राची बाटली आणली आणि जाताना चिकूची पेटी घेऊन गेली. यजमान हिंचक्यावर बसून सगळ्यांना सांगायचे, "आम्ही काही कमी पडू देत नाही." हिंचक्याला पायाने ढकलणं एवढं ते नक्कीच कमी पडू देत नव्हते.

आणि मग उजव्या पायाचं, सांधलेल्या जोडव्याचं बोट सुजलं. जोडव्याखाली कातडी चिरली होती, तिथे चिघळलं. आधी खाज, मग ठणका, मग पिवळा ओलावा. सूज वाढली तसं चांदीचं वळं मांसात रुतत गेलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे बोटापेक्षा जोडवं जड झालं. मी वर मोजा चढवला.

पाचव्या दिवशी नणंदेने मोजा बघितला आणि ओढून काढला.

"सोनाराकडून कापून घेते," मी म्हणाले.

"सवाष्णीचं जोडवं कापतात होय? डोकं फिरलंय तुझं? माझा भाऊ धडधाकट बसलाय तिथे!"

धडधाकट बसलेले यजमान हिंचक्यावरून म्हणाले, "ताई म्हणते तसं कर. ती जाणती आहे."

जाणत्या ताईने हळद आणि कडुलिंबाचा पाला वाटून थापला. स्तन कापायला निघाले तेव्हा हिने माझी बॅग भरून दिली होती, हे मला आठवलं. तेव्हा तिला काही अशुभ वाटलं नव्हतं. तो काही तिच्या भावाच्या नावाचा नव्हता.

नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. लाली घोट्याच्या वर चढली होती. तलासरीवरून गाडी हायवेला लागली आणि हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत अडकली. मी मागच्या सीटवर दात वाजवत पडलेली, आणि नणंद ढाब्याकडे बघून भावाला विचारते, "चहा घ्यायचा का रे? रांग काही हलत नाही." त्याने घेतला. दोन कप.

पलीकडे गुजरातेत माझा नेहमीचा दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरने पाय बघितला आणि जोडव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बेन, आ तो कापवुं ज पडशे." यजमान गाडी नीट लावून येतो म्हणून बाहेर गेले ते सगळं आटपल्यावरच आले. नणंद मात्र जागची हलली नाही. तिने पर्समधून हळदीत भिजवलेला दोरा काढला. घरून निघताना, माझ्या तापात, तिला तो घ्यायचं सुचलं होतं. जोडवं तुटायच्या आधी दोरा बांधायचा, म्हणजे भावाचं आयुष्य एक क्षणही उघडं पडायला नको. ती माझ्या पुवाळलेल्या पायाच्या अंगठ्याला गाठ मारत होती आणि सिस्टर तिच्यावर ओरडत होती. मला त्या तापातही हसू आलं. इतका तिरस्कार मला माझ्या आजाराचाही कधी वाटला नव्हता.

चांदी कापायला अर्धं मिनिट लागलं.

डॉक्टरीणबाई आल्या. सलाईनमधून औषधं सुरू झाली. गोळ्या बंद, त्यांनी सांगितलं, जखम भरेपर्यंत. ती भरायला साडेतीन आठवडे लागले. साडेतीन आठवडे आजाराला धरून ठेवायला कुणी नव्हतं. पुढच्या तपासणीत पाठीच्या मणक्यात एक नवा डाग दिसला. तो त्यामुळेच आला का, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस जोडवं काढलं का नाहीत?"

नणंद शेजारीच होती. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "निघत नव्हतं." तिने मान खाली घातली. मला बरं वाटलं.

आता गोळ्या पुन्हा चालू आहेत, बोट शाबूत आहे, नख गेलं. यजमानांचं वजन वाढलंय. नणंद आली की आधी माझ्या रिकाम्या बोटाकडे बघते, मग भावाकडे. तिला वाटतं, दोष तिचाच आहे. मीही तो तिच्याकडेच राहू दिला.

पण ज्या दिवशी पहिल्यांदा खाज सुटली, त्या दिवशी मी न्हाणीघरात कडी लावून बोटाला साबण चोळला होता. सूज नव्हती अजून. जोडवं फिरलं, सरकलं, बोटाच्या सांध्यावर येऊन अर्धं पलीकडे गेलं. आणखी एक हिसका दिला असता तर हातात आलं असतं. घरात कुणी नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. मला एवढंच वाटलं, यांना काही झालं तर?

आणि मीच ते परत मागे ढकललं.