एक वाजताची फेरी

या सदरातले अनुभव मी डबा खाताना वाचतो आणि बरेचदा हसतो. आम्ही बौद्ध घरातले. भूत, नजर, अंगारा यांना आमच्याकडे कधी थारा मिळाला नाही. आजही माझा विश्वास नाही. झालं ते सांगतो... ते कशात बसवायचं, तुम्हीच बघा.

मी ड्रायव्हर, पिंपळगाव राजाचा. खामगावजवळ एका विद्यापीठाचे दोन कॅम्पस आहेत — जुना शेतकीचा, नवा फार्मसीचा. मधे शेतांतून तीन किलोमीटरचा, फक्त बससाठीचा रस्ता. एकच बस मावेल एवढा. दोन्ही टोकांना फाटक, आणि दोन्ही फाटकांत मिळून लाल झेंडी एकच. समोरची बस झेंडी घेऊन बाहेर आली, की फाटकावरचा माणूस ती आपल्या हातात देतो, दांडी उचलतो, मग निघायचं.

आम्ही तिघं ड्रायव्हर. त्यातला एक होळीला गावी गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून त्याच्या फेऱ्या माझ्या गळ्यात. सुपरवायझरना सांगितलं, "साहेब, गाडीवर डोळे मिटून राह्यले." ते म्हणाले, "परीक्षा होऊ द्या." परीक्षा काही संपेनात.

एप्रिल महिना. दुपारी एकची फेरी, दोनचा पेपर, बसमधे चाळीसेक पोरं. फाटकाशी थांबलो. समोरची बस यायची होती. डोळे चुरचुरत होते म्हणून उतरलो, तोंडावर पाणी मारलं आणि केबिनमागच्या सावलीत श्रीकृष्णभाऊंच्या खाटेवर दोन मिनिटं टेकलो. हे श्रीकृष्णभाऊ म्हणजे फाटकावरचे. चावी बसलाच ठेवली होती. चूक माझी, आधीच कबूल करतो.

जाग आली ती भाऊंनी खांदा हलवला तेव्हा. चेहरा पांढराफटक.

"तुम्ही इथं काऊन?"

"बस कुठाय?"

"गेली ना. म्याच दांडी उचलली. खिडकीतून तुम्ही हात काढला, मी झेंडी देल्ली. तो भाजल्याचा डागही पाह्यला... अन् इथं येतो तं तुम्ही खाटेवर."

माझ्या उजव्या हातावर रेडिएटरच्या वाफेचा जुना डाग आहे. पण तेव्हा डागाचं कुणाला सुचतंय? माझ्या डोक्यात एकच — चाळीस पोरं ड्रायव्हरशिवाय गेली, आणि मधे नाल्यावर वळण आहे, पुलाला कठडा नाही. भाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसलो. नाला जवळ आला तसे मी डोळे गच्च मिटून घेतले.

"काही नाही इथं," भाऊ म्हणाले. "उघडा डोळे."

बस पलीकडच्या थांब्यावर उभी होती. हँडब्रेक ओढलेला, चावी जागेवर. पोरं सावलीत वह्या चाळत बसलेली. वरवट बकालची एक मुलगी रोज पहिल्या सीटवर बसते. तिला विचारलं, "बस कोणी आणली, बेटा?"

"तुम्हीच तं आणली, काका. मस्करी करून राह्यले का?"

"नीट पाह्यलं तू?"

"हाव ना. तोंड धुऊन आले अन् बसले. नाल्यावर बकऱ्या आडव्या आल्या, तं तुम्ही थांबले. घाई नोका करू, पेपरले टायमात पोचतो, म्हणाले तुम्ही." मग जरा थांबून म्हणाली, "आज तुम्ही थकलेले नव्हते, काका. बरं वाटलं."

मी बसच्या पायरीवर बसलो आणि मला रडू आलं. भाऊ शेजारी येऊन उभे राहिले.

पुढं डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, झोप कमी पडली की भास होतात. होत असतील. पण मग तो भास मला व्हायला हवा होता ना? मी तर झोपलो होतो. चाळीस पोरांना कसा झाला?

त्याच संध्याकाळी सुपरवायझरच्या टेबलावर चावी ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पोरं टायमात पोचले ना? मंग तुमची तक्रार काय आहे?"

"पोरं पोचले, साहेब. पण मी नव्हतो."

चावी परत उचलली नाही. त्या दिवशी बस कुणी नेली, मला आजही सांगता येत नाही. गावात लोक म्हणतात, घाबरून काम सोडलं. खरं आहे, घाबरलो. पण ज्यानं बस नेली त्याला मी कशाला घाबरू? त्यानं पोरं सुखरूप नेली. दुसऱ्या दिवशी तो आला नसता, तर ती चाळीस पोरं माझ्या हातात होती.