पंचमीची भाजी आणि तिसऱ्या मजल्यावरचं ग्रिल

वैजयंतीताई आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर राहतात. नेरूळची ही इमारत झाल्यापासून. त्यांचे यजमान पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. तिथली निळी पिंपं अर्धी कापून, माती भरून, ती त्यांनी खिडकीबाहेर काढलेल्या ग्रिलमध्ये मांडली. यजमान गेले, पिंपं वाढत गेली. दोडका, घोसाळी, पडवळ, लाल भोपळा. सुतळीच्या आधाराने वेल वरच्या मीनाच्या ग्रिलपर्यंत चढले. बाहेरून खिडकी दिसायचीच बंद झाली.

हे सगळं ऋषिपंचमीसाठी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि बाजारातल्या भाजीची खात्री कोण देणार? पिंपात नांगर फिरत नाही. त्यामुळे विंगमधल्या साऱ्या बायका ऋषीची भाजी ताईंकडूनच नेतात. एकट्या बाईच्या दारात वर्षातून तेवढीच गर्दी.

यंदा आषाढातच आमच्या खिडकीवर गंजाचं तांबूस पाणी ओघळू लागलं. रंगकामाला आलेल्या माणसाने ताईंच्या ग्रिलचा बोल्ट बोटाने हलवून दाखवला. बरोबर खाली विंगचं दार. सोसायटीचे अध्यक्ष विलासराव आणि मी वर गेलो.

"ताई, पिंपं आत घ्या. माती भिजून जड झालीय."

"घेते की. पंचमी होऊ दे."

"पंचमी भाद्रपदात!"

"मग फुलावर आलेला वेल तोडू? विलासभाऊ, सगळ्यांत मोठं पडवळ दरवर्षी तुमच्याच घरी जातं. वहिनींना विचारून या आधी."

विलासराव हसले. मीटिंगमध्ये बायकांनी एका सुरात सांगितलं, पंचमीनंतर बघू. तसंच ठरलं.

पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात. ताईंचे ते दगड आमच्या ग्रिलला टेकलेले असत. चतुर्थीच्या सकाळी पाहिलं, तर ते वीतभर दूर लोंबत होते. वारा नव्हता. वरचं ग्रिल बाहेर झुकलं होतं.

खाली दारातून गणपती येत होते. लोकांना बाजूला करायला बायकोला पाठवून मी वर धावलो. ताई ग्रिलच्या आत उकिडव्या बसून भाजी तोडत होत्या.

"ताई, हलू नका! नाही, आत या, हळूच."

"एक काय ते ठरवा, भावोजी. हलू की नको?"

"आत या!"

"एवढं कोपऱ्यातलं घोसाळं..."

लोखंड करकरलं. ताईंचा चेहरा पांढरा पडला. तरी आधी त्यांनी भाजीची परडीच माझ्या हातात दिली, मग हात. मी त्यांना ओढून आत घेतलं. मागे पिंपं एकेक करून कडेला घसरली आणि थांबली.

दारासमोर दोरी बांधली. अग्निशमन दलाला फोन केला. ते येईपर्यंत ताईंच्या घरी बायका जमल्या. धीर द्यायलाच आल्या होत्या, पण हातात पिशव्या होत्या. ताई वाटे घालू लागल्या. तेवढ्यात वर कात्री वाजली.

"मीना, वेल नको गं तोडूस!" ताई ओरडल्या.

"मग काय करू? माझंही ग्रिल ओढलं जातंय!"

पाठोपाठ दोनतीन वेल सुटले आणि ग्रिल पिंपांसकट खाली गेलं. भिंती हादरल्या. दोरीमुळे खाली कोणी नव्हतं. दाराच्या पायऱ्यांचे मात्र तुकडे झाले. बायकांनी खिडकीतून खाली डोकावून पाहिलं. मग एकेकीने आपला वाटा उचलला.

ताईंनी आता लावायचं सोडलंय. खिडकी मोकळी, घरात लख्ख उजेड. पण पुढच्या पंचमीला भाजी आणायची कुठून? त्यांच्याकडचं बी मागून मागून सगळ्यांनी नेलं. मीनाने सर्वांत आधी. विलासरावांच्या ग्रिलमध्येही मातीची पोती चढलीत.

परवा ऑफिसातून आलो, तर आमच्या ग्रिलमध्ये रंगाचा रिकामा डबा होता, मातीने काठोकाठ भरलेला. मी बायकोकडे पाहिलं.

"एवढासा तर आहे," ती म्हणाली, आणि वर चढवायला सुतळी बांधू लागली.