येळवसला मला दिलेलं आडनाव

लातूरला आम्ही राहायचो त्या होस्टेलात मुली एकमेकींना गावाच्या नावानं हाका मारत. मी हदगाव होते. माझी रूममेट शिरूर, म्हणजे शिरूर अनंतपाळची. समोरच्या खोलीत एक उदगीर आणि एक देगलूर. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आमची गाठ पडली ती अशी, आणि आडनाव विचारायची वेळ कुणावर आली नाही. निदान तोंडावर तरी.

शिरूर खाण्याची शौकीन होती. रविवारी सकाळी ती मला अंथरुणातून ओढायची. "उठ की, झोपलालीस काय अजून?" तिचं ते 'झोपलालीस', 'करलालीस' ऐकून मला हसू यायचं. मी "येऊन राहिली ना" म्हटलं की ती हसायची. मग आम्ही कॉलेजमागच्या गाड्यावर जायचो. कधी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यासारखा प्रकार, वरून फुटाण्याच्या डाळीचं पीठ भुरभुरलेला. पण बहुतेक वेळा निलंगा राईस. मसाल्याचा तो लालसर भात गाडेवाला मोठ्या पातेल्यातून काढून द्यायचा, आणि आम्ही एकाच प्लेटमध्ये दोन चमचे घालून खायचो. माझा चमचा पडला तर ती स्वतःचा पुढं करायची. एकदा बसनं उजनीला जाऊन आम्ही तिथली नावाजलेली बासुंदी खाल्ली, तीही एकाच वाटीतून.

आणि तरीही आईनं पाठवलेल्या जवसाच्या चटणीला ती हात लावायची नाही.

पहिल्यांदा म्हणाली, "आज सोमवार हाय, उपास हाय." दुसऱ्यांदा गुरुवार निघाला. पुढं चतुर्थी. एकदा मात्र उपास सांगून ती आंघोळीला गेली आणि दुपारी उदगीरसोबत गाड्यावर भजी खाताना मला दिसली.  तेव्हापासून मी बघायला लागले. तिच्या घरून बसमधून डबा यायचा, त्यातलं ती मला आग्रहानं वाढायची. माझ्या घरचं मात्र कुठलंच घ्यायची नाही. लाडू नाही, शेव नाही, लोणच्याची फोडसुद्धा नाही.

आम्ही बौद्ध. वडील कारकून, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घरात असल्या गोष्टी बोलल्या जायच्या, पण तक्रारीसारख्या नाहीत. रस्त्यात खड्डा कुठं आहे ते सांगावं तशा. माझ्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती होती, तेव्हा शिरूरला माहीत नव्हतं असंही नाही. मला कोडं एवढंच पडायचं, की रस्त्यावरच्या प्लेटीत जे चालतं ते खोलीत का चालत नाही? आईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "विचारू नको. बघत राहा."

डिसेंबरात वेळ अमावस्या आली. लातूरकडं तिला येळवस म्हणतात. आमच्या हदगावकडं ती कुणाला फारशी ठाऊक नाही, म्हणून मला त्या सगळ्या धांदलीचं नवल वाटत होतं. शहर अख्खं शेतात जातं, दुकानं बंद, मेस बंद. शिरूरनं समोरच्या दोघींना आणि मला घरच्या शेतात जेवायला बोलावलं.

"येणार न्हवं?" तिनं मला दोनदा विचारलं.

मी हो म्हटलं. मग बॅग भरता भरता, माझ्याकडं पाठ करून ती म्हणाली, "घरी कुणी विचारलं तर नांदेडची हाय म्हण. हदगाव नको सांगू."

"का?"

"आमच्या मोठ्या काकाचे पाहुणे हायेत तिकडं. उगी वळख काढत बसतेत."

हे खोटं होतं, हे मला तिच्या पाठीवरूनच कळलं. पण कशासाठी खोटं, ते कळलं नाही. जाऊ नये असंही वाटलं. पण बंद मेसच्या दिवशी एकटीनं खोलीत बसून तरी काय करणार होते?

शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर तिचे वडील घ्यायला आले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्ही शेतात गेलो. ज्वारी डोक्याएवढी, हरभरा घाट्यांना आलेला. शेताच्या मधोमध कडब्याची कोप उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजा झाली. तिच्या वडिलांनी शेताभोवती फिरून अंबील शिंपडली, मागून बारकी पोरं ओरडत पळाली. मग पंगत बसली.

असलं जेवण मी त्याआधी जेवले नव्हते. हिरव्या तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन एकत्र शिजवलेली घट्ट भज्जी. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे. गव्हाची खीर. आणि चुना-कावेनं रंगवलेल्या मडक्यातली गार, आंबट अंबील. पत्रावळी सगळ्यांना सारख्याच होत्या, तेव्हा माझं लक्ष अंबिलीच्या ग्लासांवर होतं. कुणाचा ग्लास कुठं जातो, कशात बुचकळतात, माझा वेगळा ठेवतात का. तसं काही नव्हतं. सगळे ग्लास एकाच बादलीत जात होते आणि परत फिरत होते. मी जरा सैल झाले. दुसऱ्यांदा भज्जी घेतली.

तिची आई वाढत वाढत माझ्यासमोर आली. साधी, गोल चेहऱ्याची बाई, घामानं कपाळाचं कुंकू फिस्कटलेलं. "पोटभर जेव माय," ती म्हणाली, आणि मला एका आडनावानं हाक मारली.

ते आडनाव माझं नव्हतं. ते नांदेडकडच्या मोठ्या शेतकरी घराण्यांत असतं तसलं आडनाव होतं.

"तुझे वडील नांदेडला कापसाच्या धंद्यात हायेत न्हवं?" तिनं विचारलं.

मी शिरूरकडं बघितलं. ती पत्रावळीत बोट फिरवत होती. समोर तिचे मोठे काका मांडी घालून जेवत होते. घरचे कर्ते तेच. उदगीर आणि देगलूर, दोघींचीही जेवणं थांबली होती. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

मला आता ग्लास एका बादलीत का जातात ते समजलं. तो मान माझा नव्हता, त्या आडनावाचा होता. 

"काकू, ते आडनाव माझं न्हाई," मी म्हटलं, आणि माझं सांगितलं. "वडील हदगावला कारकून आहेत. आम्ही बौद्ध आहोत."

आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.  मग तिची आई म्हणाली, "बरं." एवढंच. त्या 'बरं'चा अर्थ मला आजही लावता येत नाही. हातातलं अंबिलीचं भांडं तसंच होतं. तिनं माझ्या ग्लासात अंबील ओतली आणि पुढं गेली. काका पत्रावळीत उंडा तसाच ठेवून उठले. "लाइट आली वाटतं, मोटार बघून येतो," म्हणाले. मी कान देऊन ऐकत होते. बराच वेळ मोटारीचा आवाज आला नाही. नंतर आला.

निघताना तिच्या आईनं तिघींना भज्जी आणि उंडे बांधून दिले. उदगीर आणि देगलूरला स्टीलचे डबे. मला श्रीखंडाचा प्लास्टिकचा रिकामा डबा. स्टीलचे संपले असतील. किंवा मला दिलेला डबा परत यायला नको असेल. बसमध्ये तो मांडीवर घेऊन मी दोन्ही शक्यता उलटसुलट करत बसले.

होस्टेलवर आल्यावर दार लावून मी विचारलं, "कधीपासून हे आडनाव?"

"पयल्या दिवसापासून," शिरूर म्हणाली. ती रडत नव्हती, तिला राग आला होता. "बाप मला सोडायला आलता. खोलीत कोण हाय म्हणून विचारलं. खरं सांगितलं असतं तर मोठ्या काकानं खोली बदलायला लावली असती. मला तू आवडलीस, मी दिलं ठोकून."

"आणि चटणी?"

"आईनं गळ्याची शपथ घातलेली. कुणाच्याबी घरचं खाऊ नकोस म्हणून. गाड्यावरचं घरचं नसतं."

"कुणाच्याबी? उदगीरच्या घरचे धपाटे खातेस की."

तिनं बॅग कॉटखाली ढकलली.

"मग मला नेलंस कशाला?"

"तू येळवस बघितली नव्हतीस म्हणून," ती म्हणाली. यात मात्र मला खोट सापडली नाही. मी बराच वेळ शोधली.

पुढचे काही रविवार आम्ही गाड्यावर गेलो नाही. जिन्यात चप्पल वाजली की मला वाटे, तिला न्यायला कुणी आलं. आणि एका दुपारी तिची आई खरंच आली, एकटी, हातात मोठी पिशवी घेऊन. शिरूर प्रॅक्टिकलला गेली होती. मी म्हटलं, झालं, आता सामान आवरणार. मी उठून शिरूरच्या कपाटाची किल्लीही काढून पुढं केली.

तिनं किल्ली घेतली नाही. कॉटवर बसून ती दम खात होती. पाणी मागितलं. मी माझी बाटली द्यावी की खाली जाऊन आणावं, या विचारात असताना तिनंच टेबलावरची बाटली उचलली आणि प्यायली. मी तिच्याकडं बघत होते, आणि मी बघतेय हे तिला कळत होतं.

"काकानं खोली बदला म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, बदलली."

"पण बदलली न्हाई ना."

"न्हाई. तिला करमतंय हितं. अभ्यास बी होतोय."

म्हणजे आता शिरूर अनंतपाळच्या त्या घरात मी कुठं नव्हतेच. आधी दुसऱ्याच आडनावाची होते, आता तीही उरले नाही. माझं डोकं तापलं. "काकू, मला असं लपून राहायला जमणार न्हाई," मी म्हटलं.

"तुला कोण लपायला सांगतंय?" ती शांतपणे म्हणाली. "लपलालोय तर आम्ही."

तिनं पिशवीतून ज्वारीचं पीठ आणि शेंगा काढून टेबलावर ठेवल्या, दोघींसाठी म्हणाली, आणि लेक यायच्या आत निघून गेली. तिला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, की माझं तोंड बंद राहावं म्हणून शेंगा होत्या? शिरूर आली तेव्हा मी तिला तेच विचारलं. "मला बी कळंना," ती म्हणाली, आणि शेंगा फोडायला बसली. मीही बसले.

शिरूर तिथंच राहिली, तीन वर्षं. पुढच्या येळवसला मला बोलावणं आलं नाही. तीही गावी गेली नाही. आम्ही दोघी दुसऱ्या मैत्रिणीच्या शेतात गेलो, औशाकडं.

शेवटच्या उन्हाळ्यात मी तिला हदगावला घेऊन गेले. आईनं आमरस, कुरडया केल्या होत्या. तिला पाट दिला, ताट मांडलं, आणि पदर खोचून समोर बसली. आईच्या नजरेत काय होतं ते मला लगेच ओळखू आलं. शिरूर पहिला घास घेते की नुसतं चिवडते, हे ती बघत होती.

"घरी माहीत हाय का इथं आलीस ते?" आईनं विचारलं.

शिरूर गोंधळली. माझ्याकडं बघितलं. मी मदत केली नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "कॉलेजची सहल हाय म्हणून सांगितलंय."

 "आमच्या घरात तरी खरं बोललीस," आई म्हणाली. मग रसाचं पातेलं पुढं ओढून तिनं विचारलं, "तूप घालू का वरून?"

शिरूरनं वाटी पुढं केली. तिनं रस तीनदा मागून घेतला, आणि आई शेवटपर्यंत तिच्या हाताकडं बघत होती.