दाराची ढाल

"ढाल? तुम्ही ढाल लिहिलंत?"

"मत विचारलं, दिलं. नाव लिहू नका म्हणून तूच सांगितलं होतंस."

"नाव लिहू नका म्हटलं होतं. अक्कल गहाण ठेवा असं नव्हतं म्हटलं."

"हे बघ, आईसमोर तमाशा नको."

"आईंसमोरच बोलणार. आणि पोरीसमोरही. पाचवा प्रश्न वाचा. मोठ्याने."

नवऱ्याने वाचला नाही. शनिवारची दुपार होती, जेवणाची ताटं अजून टेबलावरच होती आणि त्या ताटांच्या मधोमध खेळाबद्दलच्या प्रश्नांचा तो छापील कागद पडला होता. शेवटी तिनेच उचलला.

"'पात्राच्या पाठीवर दार कशाला? उगाच ओझं. त्याऐवजी ढाल द्यावी, लढायला उपयोगी पडेल. एखादा किल्ला दाखवला तर बरं, म्हणजे राजा कुठे राहतो ते कळेल.' आणि खाली विचारलंय, हा खेळ किती वेळा खेळाल? उत्तर काय, तर एक-शून्य-एक, जेवणानंतर."

मुलीला फिस्सकन हसू आलं. नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हे गोळ्यांच्या पाकिटांवर लिहून लिहून त्याचा हात असा बसला होता की किराणाच्या यादीतही तो साबणापुढे एक-शून्य-एक लिहून मोकळा व्हायचा.

"आज सकाळी मीटिंगमध्ये मालकाने हे वाचून दाखवलं. वीस माणसं खिदळली. कागदावर नाव नव्हतं, पण एवढ्या वर्षांनी तुमचं अक्षर ओळखायला मला नाव लागत नाही."

"मग तूही हसायचंस," नवरा म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं हे त्याला बोलता बोलताच कळलं.

ती काय काम करते हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. सासूबाई शेजारी सांगत, "कंप्युटरवर रंग देते." नवरा सांगे, "गेमचं काहीतरी." तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ते अक्षराची कड ओढत आणि आतला रंग भरायचं काम तिचं. आठ वर्षांची असताना ती एका पादत्राणांच्या दुकानाच्या पाटीवर एक काना भरायला विसरली होती, तर वडिलांनी ती पाटी तिच्याच हातून पुसून पुन्हा रंगवून घेतली होती. लग्नानंतर तिने अकरा वर्षं एका छापखान्यात बिस्किटांच्या पुड्यांवरची गव्हाची कणसं काढली. चाळीस कणसं काढली तरी एकासारखं दुसरं नसे. हे टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकाने पाहिलं आणि तिला उचललं. मालक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्याने तिला काकू म्हटलं, मग सगळेच म्हणू लागले.

त्या कंपनीने पाच खेळ बनवले. पाचही खेळांत डोंगरावर किल्ला, किल्ल्याखाली गाव, गावात सराई, सराईत ढेरपोट्या मालक, जंगलात टोकदार कानांची माणसं, गुहेत ड्रॅगन आणि वाटेवर पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, ज्याला सगळं आधीच ठाऊक. एकोणीस किल्ले तिने स्वतःच्या हाताने काढले. तिसऱ्या खेळाच्या वेळी तिने मालकाला विचारलं होतं, "ज्या जगात झाड बोलतं, माणूस उडतो, काय वाट्टेल ते करता येतं, तिथेही लोहाराचं दुकान गावात शिरताना डाव्या हातालाच कसं हो असतं?"

मालक म्हणाला, "काकू, लोक तिथेच शोधतात."

सहाव्या खेळाचं जग मात्र त्याने तिच्यावर सोपवलं. पाचवा खेळ आपटला होता आणि मालकाला काहीतरी नवं हवं होतं. निदान तो तसं म्हणत तरी होता.

तिच्या जगातल्या शहरात एकाही घराला दार नव्हतं. भिंती होत्या, सगळ्यांच्या सामाईक. दार ज्याचं त्याचं. मूल जन्माला येताना काडेपेटीएवढं दार घेऊन यायचं, मुलाबरोबर दारही वाढायचं आणि माणूस ते जन्मभर पाठीवर वागवायचा. कुठल्याही भिंतीला आपलं दार टेकवलं की मागे एक खोली उघडायची, आणि कडी लावलेली असेपर्यंत ती खोली त्याची. दुसऱ्याचं दार उघडणं हा त्या शहरातला एकमेव गुन्हा. आणि कुणीतरी रात्रंदिवस दारं चोरत सुटलं होतं. ते कोण, हे शोधणारी बाई बिजागऱ्या बनवायची. ना राजा, ना तलवार. तिने एकशे चाळीस दारं काढली होती. नावाड्याच्या दाराला शेवाळ, चुगलखोराच्या दाराला चार भोकं, आणि एका जाऊबाईचं दार असं की ते आतून उघडतच नसे.

हे तिला कुठून सुचलं, असं कुणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, एकदा तिच्या घरी यायचं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. बारा वर्षांपूर्वी मागच्या खोलीत मोठं कपाट न्यायचं होतं, ते चौकटीतून जाईना. नवऱ्याने दार उतरवलं. "दोन दिवसांत बसवतो," म्हणाला. बिजागऱ्या आणि स्क्रू खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यात घालून ठेवले. दार दोन ट्रंकांवर आडवं टाकलं, त्यावर जुनं ब्लँकेट अंथरलं आणि सासूबाई त्यावर इस्त्री करू लागल्या. त्याला आता घरात सगळे 'इस्त्रीचं टेबल' म्हणत. मुलीला तर ते दार आहे हेच माहीत नव्हतं. मागच्या खोलीत ती वही उघडून बसली की कुणी टॉवेलसाठी येई, कुणी औषधांच्या खोक्यासाठी, कुणी नुसतंच, "काय करतेस?" म्हणत. घरात आतून कडी लागणारं दार एकच, न्हाणीघराचं. ते सगळं शहर तिने तिथे बादली पालथी घालून, तिच्यावर बसून रचलं होतं. बाहेरून सासूबाई म्हणायच्या, "अगं, वाफ झालीस की काय आत?"

खेळ लोकांना कळतो का हे बघायला मागच्या रविवारी कंपनीने नोकरांच्या नातेवाइकांना बोलावलं. बाहेरची माणसं आणायची म्हणजे खटाटोप, नातेवाईक सरबतावर येतात. अकरा जण आले, त्यात तिचा नवरा आणि सासूबाई. नऊ जणांनी थोड्याफार फरकाने तेच लिहिलं: काही ओळखीचं नाही, कुणाला मारायचं ते कळत नाही, किल्ला हवा. पण ढाल सुचली ती फक्त तिच्या नवऱ्याला.

आणि मालकाला ती भयंकर आवडली. "काकू, तुमची मेहनत वाया जाणार नाही," सकाळी तो म्हणाला होता. "दारं तशीच ठेवू. बिजागऱ्या काढायच्या, कोपरे गोल करायचे, मधे मूठ द्यायची. झाली ढाल. सोमवारी बारा करून दाखवा. आणि एक किल्ला."

"आणि ते शहर?"

"ते राहू दे तुमच्याकडे, आठवण म्हणून. आम्हाला काय करायचंय?"

"लिहून द्या."

मालकाला वाटलं, काकूंनी विनोद केला. हातात तोच कागद होता, तो उलटा करून त्याने लिहिलं की दारांच्या शहराची कल्पना आणि सर्व चित्रं कंपनीला नकोत, ती काकूंची. 'काकूंची' खोडायला लावून तिने आपलं पूर्ण नाव घालायला लावलं. सही घेतली, तारीख घेतली. आपण हे कशासाठी करतोय ते तिलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. डोक्यात नुसती आग होती.

"तू उगाच मनाला लावून घेतेस," नवरा आता समजुतीच्या सुरात आला. "मी साधा माणूस. दिवसभर दुकानात उभा. संध्याकाळी खेळायला बसलो तर मला ओळखीचं काहीतरी हवं. किल्ला दिसला की कळतं, राजा आहे. ड्रॅगन दिसला की कळतं, मारायचा."

"ओळखीचं? किल्ल्यात कधी राहिलात तुम्ही? खंदक बघितलाय? तुमच्या सात पिढ्यांत चिलखत कुणी घातलं होतं? दुकानात टोकदार कानांचं गिऱ्हाईक येतं?"

"तसं नव्हे गं..."

"तसंच. ते सगळं तुम्हाला ओळखीचं. आणि बिनदाराचं घर परकं! त्याच घरात राहून!" तिने मागच्या खोलीच्या रिकाम्या चौकटीकडे हात केला. चौकटीतून सासूबाई दिसत होत्या, इस्त्री करताना. त्यांचा हात थांबलेला नव्हता, पण एकच उशीचा अभ्रा त्या मघापासून दाबत होत्या.

"आई, खरं सांगू?" मुलगी म्हणाली. ती सोळा वर्षांची होती आणि खरं सांगू म्हणाली की घरात सगळ्यांना धास्ती वाटे. "मी तुझ्या लॅपटॉपवर खेळून बघितलं. दारं भारी आहेत. पण आत गेल्यावर करायचं काय?"

"काहीही."

"काहीही म्हणजे? पॉइंट मिळतात का?"

"नाही."

"मग आत जायचं कशाला?"

नवऱ्याला जोर आला. "बघ! हिलाही कळलं नाही. अगं, आई तर चाळीस मिनिटं तिथे अडकून पडली होती. त्या देखरेखीच्या मुलीने तसं लिहिलंय तिच्या कागदावर, मी वाचलं. पहिल्याच भिंतीत शिरली आणि बाहेर यायचा रस्ताच सापडेना. सत्तरीच्या बाईला असं कोंडायचं म्हणजे..."

"कोण अडकलं होतं?" चौकटीतून आवाज आला.

सासूबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि बाहेर आल्या.

"तू, आई. रविवारी."

"मी काही अडकले नव्हते. बसले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दार लावलं, कडी लावली. आत बाक होता, खिडकी होती. बसले. ती मुलगी तीनदा विचारून गेली, आजी, बाहेर यायचंय का? मी म्हटलं, नको. तर ती म्हणाली, आजी, बटण दाबा. मी म्हटलं, बाई, बटण माहितेय मला, तू जा."

"चाळीस मिनिटं काय करत होतीस?"

"कुणी हाक मारत नव्हतं. चष्मा कुठाय, मोजे कुठेत, दूध उतू गेलं. काही नाही. म्हटलं बरं चाललंय, उठायचं कशाला?" मग सुनेकडे वळून, काहीशा तक्रारीने, "बाकाला पाठ टेकायला मात्र काही नव्हतं हो. तेवढं कर."

मुलीने फोन पालथा ठेवला. नवरा त्या कागदाकडे बघत राहिला, जणू त्यावर आणखी काही लिहिलेलं निघेल.

निघालंच. तिने कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. मालकाचं अक्षर, सही, तारीख. नवऱ्याने दोनदा वाचलं.

"हे कशासाठी घेतलंस?"

ती मागच्या खोलीत गेली. इस्त्रीचं बटण बंद केलं, अभ्रा घडी करून बाजूला ठेवला, ब्लँकेट ओढून काढलं. खालून दार निघालं. फिकट हिरवं, कडेला जुन्या बिजागऱ्यांच्या दोन खाचा आणि मधोमध इस्त्रीचा एक करपलेला त्रिकोण.

"ए, हे दार आहे?" मुलगी म्हणाली.

तिने कपाटावरून खोकल्याच्या गोळ्यांचा डबा काढला, हलवून बघितला. स्क्रू वाजले. मग फोन उचलला आणि गल्लीच्या टोकाच्या सुताराशी दोन मिनिटं बोलली, चौकटीचं माप, दाराची जाडी, सगळं तोंडपाठ सांगत. नवरा ऐकत उभा होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "अगं, जरा विचार कर. नोकरी आहे ती. सोमवारी बारा ढाली..."

"पुड्यांवर कणसं अजून लागतात लोकांना. छापखान्याला फोन करीन, घरी बसून काढीन." ती बाहेर येऊन टेबलाशी उभी राहिली, ताटं एकावर एक रचली आणि पाट्या रंगवणाऱ्या वडिलांसारखं एकेक अक्षर सुटं करत म्हणाली:

"सगळ्यांनी ऐका. सोमवारपासून मी तिकडे जाणार नाही. दारांचं शहर मागच्या खोलीत बसून मी पुरं करणार आहे. उद्या नऊ वाजता सुतार येतोय, दार बसेल, कडी आतून. दुपारी दोन ते चार आई आत बसतील, बाकी वेळ मी. औषधांची खोकी आज संध्याकाळी दुकानात जातील. इस्त्री या टेबलावर करायची, ज्याची त्याने."