पाच दिवसांचा खरवस
दुधाच्या डेअरीत वेलदोडा-जायफळाचा वास आला की मी आजही रांग सोडून बाहेर येते. धाकटी बहीण सातव्या महिन्यात माझ्याकडे वाघोलीला राहायला आली होती. तिला खरवसाचे डोहाळे लागले होते. डेअरीतून आणलेला डबा पाच दिवस फ्रिजमध्ये होता. गार वडी हातात घेऊन तिनं विचारलं, “ताई, शिळा झालाय. चालेल ना?” मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “फ्रिजमध्येच होता की. खा.” मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात मी वर्गात सांगितलं होतं, की काही रोगजंतू थंडीला बधत नाहीत. गारठा लागला की त्यांची वेगळी जनुकं कामाला लागतात, पेशीचं आवरण मऊ राहतं आणि ते फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतात. तीन आठवड्यांनी तिला ताप भरला आणि पोटातली हालचाल थांबली. बाळ गेलं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्यातलाच एक जंतू निघाला. फ्रिजमधलं काही खाल्लं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बहिणीनं खरवसाचं सांगितलं. डॉक्टर गेल्यावर तिनं मला हळूच विचारलं, “ताई, असं होऊ शकतं हे तुला माहीत होतं?” मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, “नाही गं.” तिनं माझा हात हातात घेतला, जणू मलाच धीर द्यायचा होता. आता तिला एक मुलगी आहे. खरं काय ते मी बहिणीला अजून सांगितलेलं नाही.