फणस, फुगडी आणि फिलोमेनाबाय

वास्कोहून फोन आला तेव्हा मी मुळगावच्या घरी ब्लाउजचा गळा कापत होते. "फिलोमेनाबाय गेली गो," तिची धाकटी बहीण लुर्दिना म्हणाली. मी कात्री खाली ठेवली आणि, खरं सांगते, रडू यायच्या आधी मला हसू आलं. या बाईने मला आयुष्यात सगळ्यात जास्त रडवलं, तेही माझीच बोटं वळवून वळवून... आणि हसवलंही तितकंच. आता महिना उलटला, म्हणून लिहायला बसले आहे.

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात माझा उजवा तळवा कापला. फणसाचा चीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडायचं, ही आमच्याकडची रीत. मी ते इतकं सढळपणे चोपडलं की फणस निसटला आणि हात आदोळीच्या, म्हणजे आमच्या विळीच्या पात्यावर. दोन बोटं वळेनाशी झाली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी तुटलेल्या कंडरा, म्हणजे बोटं ओढणाऱ्या आतल्या दोऱ्या, जोडल्या आणि पुढच्या आठवड्यात मला एका खोलीत बसवलं. मधे टेबल, भोवती डॉक्टर, प्लास्टर घालणारा शाणू आणि फ्रॉक घातलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची फिजिओथेरपिस्ट, हीच फिलोमेनाबाय. पेशंट समोर असल्याशिवाय त्याच्या हाताबद्दल कोणी बोलायचं नाही, हा तिचा नियम. बाहेर तेव्हा मराठी की कोंकणी यावर माणसं हमरीतुमरीवर यायची. आमच्या खोलीत सगळ्या बोली चालत, वाद फक्त बोट का वळत नाही यावर.

"ह्या हातान तुका किदें करपाचें आसा?" फिलोमेनाबायने विचारलं. मी शिवणकाम करणारी, सगळ्यांना वाटलं मशीन म्हणेन. पण आमच्या वाड्यावर माझ्या शिलाईपेक्षा माझ्या फुगडीचं नाव मोठं होतं. मी म्हटलं, "म्हाका चवथीक फुगडी घालूंक जाय." गणेशचतुर्थीला फुगडी घालायचीय म्हटल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या ओढीत कंडरा पुन्हा तुटली तर? फिलोमेनाबाय मात्र म्हणाली, "फुगडेक हात कसो धरतात? दोतोराक दाखय." आणि तो गंभीर माणूस माझ्या शाबूत डाव्या हाताला बोटं अडकवून, मान तिरकी करून उभा राहिला! मग त्याने किती ताण केव्हा चालेल ते ठरवलं, शाणूने प्लास्टरला रबर लावून बोटं ओढून धरणारं साधन केलं, आणि व्यायाम तिने ठरवले.

एक माणूस या मंडळात घ्यायचा राहून गेला होता. माझी सासू. "हात हालवू नको गे, टाके उसवतले," म्हणत तिने माझा हात मऊ लुगड्यात बांधला, घास भरवला, वेणीसुद्धा घातली. इतकं प्रेम मला माहेरीही मिळालं नव्हतं. मी लाडात आले आणि बोटं लाकडासारखी ताठरली. फिलोमेनाबायने दोघींना बोलावून घेतलं. "मावशे, हो हात देव न्हय, मखरांत दवरपाक! आयच्यान सून तुमकां वाडटली." आजपासून सुनेने वाढायचं म्हटल्यावर सासू रुसली, पण पक्की बाई. दुसऱ्या दिवसापासून तिने पीठ माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः समोर बसून राहिली. मी रडत मळायची, ती डोळे पुसत "आनी मळ" म्हणायची. त्या वर्षीच्या भाकऱ्या कोणी गावात दाखवाव्यात अशा नव्हत्या.

चवथीला डॉक्टरांची परवानगी होती, पण मलाच धीर नव्हता. आरती झाली, बायका फेर धरू लागल्या आणि मी भिंतीला पाठ लावून उभी. इतक्यात वास्कोहून बस पकडून आलेली फिलोमेनाबाय पदर नसताना पदर खोचावा तशी कमरेवर हात ठेवून पुढे आली. हातांची अढी घालून म्हणाली, "तूं सोडशी जाल्यार हांव पडटलें. धर!" मला माझ्या कंडरेपेक्षा तिच्या हाडांची काळजी वाटली. मी धरलं. आम्ही फिरलो. तिचा फ्रॉक फुगला, चपला कुठेतरी उडाल्या, सासू आणखी वेगासाठी ओरडत होती "बेगीन, बेगीन!" ...आणि बोटं सुटली नाहीत. मी त्या दिवशी इतक्या आनंदाने किंचाळले की शेजारचा कुत्रा पळाला.

परवा तिच्या महिन्याच्या मीसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, वास्कोला गेले. मीस संपल्यावर लुर्दिना चर्चच्या दारात उभी होती, सांत्वनाचा हात द्यायला लांब रांग लागली होती. रांगेतली तोंडं अनोळखी. हात मात्र सगळे आमच्यातले. कोणाचं बोट अर्धं, कोणाच्या मनगटावर पांढरा व्रण. फिलोमेनाबाय निरोप घेताना नुसता हात मिळवू देत नसे. तिचा पंजा धरून जीव खाऊन दाबायचा, मग ती "आयज बरो" म्हणायची आणि सोडायची. ती सवय कोणाचीच गेली नव्हती. माझी पाळी आली, मी उजवा हात पुढे केला आणि सगळं बळ बोटांत आणून दाबलं. लुर्दिना रडता रडता कळवळली, हात झटकला आणि हसायलाच लागली. "सायबा! तुमी सगळीं मेळून म्हजो हात मोडटलीं गो!"

माझ्या मागच्या माणसाने तोवर आपला हात पुढे केलाच होता.