एक वाजून दहा मिनिटांची क्वेरी

आमच्या घरात दसऱ्याला ट्रेलरच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढे नारळ फोडतात... आणि मी त्यातलं खोबरं तेवढं खाते. देवधर्म, भूतखेत याच्याशी माझा संबंध एवढाच. कॉम्प्युटरवाल्या बाईला प्रत्येक गोष्टीचा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, हवा असतो. इथे लॉग आहे, हीच माझी पंचाईत आहे.

मी उरणची. न्हावा शेवाजवळच्या एका कंटेनर यार्डात सर्व्हर सांभाळते. कुठला कंटेनर कुठल्या लाइनीत ठेवलाय ते शोधायला आमच्याकडे चार सर्व्हर आहेत, कंटेनरांची यादी त्या चौघांत वाटलेली. नंबर टाकला की क्षणात जागा सापडते. पण एप्रिलमध्ये रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सगळं ठप्प व्हायला लागलं. गेटवर ट्रेलरची रांग पार हायवेपर्यंत, आणि ड्रायव्हरांच्या शिव्या मला!

डिस्क पाहिली, मेमरी पाहिली, नेटवर्कच्या केबल बदलल्या. काही नाही. शेवटी संथ चाललेल्या क्वेरींचा, म्हणजे शोधांचा, लॉग उघडला. रोज त्याच वेळी एकच शोध — आधी स्टार, मग ६०३८. म्हणजे ‘शेवटी ६०३८ असलेला कंटेनर शोध’. असं विचारलं की चारही सर्व्हरना प्रत्येक नंबर उलगडून बघावा लागतो, मग बाकीचे शोध खोळंबतात. कारण सापडलं म्हणून मी खूश झाले. मग लॉगिनचं नाव वाचलं.

जनार्दनकाका.

काका आमचे जुने टॅली क्लार्क, आल्या-गेल्या कंटेनरांची नोंद ठेवणारे. अकरा अक्षरी नंबर त्यांनी कधी पुरा टाकला नाही. “शेवटचं चार आकडं बघाचं, बाय. बाकी सगला कंपनीचा,” म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत ड्रायव्हर कंटेनरांच्या सावलीत बसत. तेव्हा काका वरच्या कंटेनरचे चार आकडे टाकून तो कधी ठेवला, ठोकलेला-वाकलेला तर नाही ना ते बघत, मगच बसू देत. दोन वर्षांपूर्वी ते आजारपणात घरी वारले. त्यांचं लॉगिन मी स्वतः बंद केलं होतं. शोध येत होता तो गेट दोनच्या पीसीवरून, आणि तो पीसी कधीच भंगारात गेला होता.

कुणीतरी पासवर्ड वापरतंय, एखादा जुना प्रोग्रॅम आपोआप चालतोय... सगळं तपासलं. हाती काही लागलं नाही. गंमत म्हणजे ६०३८ नंबरचा कंटेनर आमच्या यार्डात नव्हताच. निकाल रोज शून्य.

नवव्या दिवशी मी नियम घातला — स्टारने सुरू होणारा शोध सरळ नाकारायचा. दुसऱ्या दिवशी सगळं सुसाट. साहेबांनी ग्रुपवर अंगठा टाकला.

त्याच्या पुढच्या दिवशी, एक वाजून दहा मिनिटांनी, चारही सर्व्हर पुन्हा अडकले. लॉगमध्ये तोच शोध. मी स्वतः तसाच शोध टाकून पाहिला, तर माझा नाकारला गेला. त्यांचा चालत होता! आणि या वेळी निकाल शून्य नव्हता. एक होता. कंटेनर तासाभरापूर्वी आत आलेला, जी लाइन, तिसऱ्या थरावर.

माझा भाऊ याच यार्डात ट्रेलर चालवतो. सकाळीच म्हणाला होता, हल्ली जी लाइनीला झकास सावली असते, आज तिथेच जेवीन.

फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला.

“दादा, ऊठ तिथून!”

“काय झाला गो? जेवू तरी दे.”

“आधी ऊठ! तुला आईची शपथ, चालायला लाग!”

कुरकुरत उठला. त्याची पावलं मला फोनवर ऐकू येत होती. वीसेक पावलं असतील... मग असा आवाज आला की तो फोनमधून आणि खिडकीतून एकदमच आला. त्यानंतर फोनवर नुसती शांतता. मी “दादा, दादा” ओरडत होते. बऱ्याच वेळाने तो खोकला. त्या खोकल्यासारखा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

कंटेनर उचलणाऱ्या मशीनचा धक्का लागून वरचा, ६०३८ नंबरचा कंटेनर घसरला होता. दादाचा जेवणाचा डबा तिथेच राहिला होता. स्टीलचा होता, त्याची ताटली झाली.

योगायोग म्हणा. मीही म्हणून पाहिलं. पण तो कंटेनर कुठून आला ते मी नंतर काढलं — शोध सुरू झाला त्या दिवशी तो समुद्रावर होता, जहाजात. तो इथे येणार, जी लाइनीत लागणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मग इतके दिवस त्याला कोण शोधत होतं?

त्या दिवसानंतर शोध थांबला. दादा आता कँटीनमध्ये जेवतो. बाकीचे महिनाभर तिकडे फिरकले नाहीत, मग हळूहळू पुन्हा सावलीत बसायला लागले.

गेल्या सोमवारपासून एक वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर पुन्हा अडकतायत. लॉगिन तेच, आकडे वेगळे. साहेब रोज विचारतात, अजून दुरुस्त कसं होत नाही. मी सांगते, काम चालू आहे. खरं म्हणजे मी कशालाच हात लावलेला नाही. शिव्या खाते, आणि एक वाजला की जेवण बाजूला सारून स्क्रीनसमोर बसते. आजपर्यंत तरी निकाल शून्य आहे.